उंबरठ्याची राखण



कोणाची मुलगी किती वाजता परतली, याचा हिशेब गल्लीतील खिडक्या बिनपगारी ठेवतात. त्यांत आपल्याही आहेत. १९१९ मध्ये विवाह होऊन पुढे याच जबलपुरात नांदलेल्या कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांनी पडदा पाळला नाही. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात त्यांनी कारावास पत्करला. कन्या सुधाचा विवाह जातीबाहेर, प्रेमचंदांचे पुत्र अमृतराय यांच्याशी झाला. माणूस ही दान देण्याची वस्तू नव्हे, म्हणून त्यांनी कन्यादान नाकारले.

त्यांच्या पुतळ्यास आपण आदराने हार घालतो. परंतु तशीच निर्भय सून आपल्या घरी आली तर? सुवर्णमहोत्सवी संकल्प एवढाच असावा: शेजारच्या लेकीची राखण सोडून आपण आपल्या मनाची राखण करावी.