मूठभर दाण्यांतले विष



आम्ही हमाल-तोलणारांच्या चळवळीतली माणसे. रसायनशास्त्र आम्ही वाचनालयाच्या बाकावर शिकलो. तेव्हा बुरशीच्या विषाविषयी आज जे बोलायचे ते कष्टकऱ्याच्या बाजूनेच बोलू.

१९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलची भुईमुगाची पेंड होती आणि पेंडीत बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन. १९७४ साली हेच विष आपल्याकडे माणसांवर उलटले. गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा भागांत पावसात भिजलेला मका खाऊन आदिवासी कुटुंबांत कावीळ पसरली. शंभरावर माणसे दगावली. घरात दुसरे धान्य असते, तर बुरसलेला मका कोणी खाल्ला असता?

हे विष शिजवून जात नाही. खाण्यास तयार शेंगदाण्यांत ते किलोमागे १० मायक्रोग्रॅमपर्यंतच चालते. म्हणजे १०० टनांत १ ग्रॅम! डोळ्यांना काय दिसणार?

यासाठी विद्युत-रासायनिक संवेदक निघाले आहेत. मधुमेही मनुष्य घरी रक्तातील साखर मोजतो, त्याच जातीचे हे साधन. कार्बनच्या पट्टीवर या विषालाच धरणारी प्रतिपिंडे बसवतात. दाण्यांच्या अर्कात एन्झाइमची खूण लावलेले थोडे विष मिसळतात. पट्टीवर जागा मोजक्या, उमेदवार दोन; चढाओढ लागते. दाण्यांतले विष जास्त, तर खुणेच्या विषाला जागा कमी आणि शेवटी वाहणारा विद्युतप्रवाहही कमी. त्यावरून हिशेब होतो.

पण यंत्र मुठीपुरतेच खरे बोलते. विष पोत्यात सारखे पसरलेले नसते, मोजक्या दाण्यांत साठते. म्हणून नमुना अनेक पोत्यांतून घ्यावा आणि संशयित माल प्रयोगशाळेत पुन्हा तपासावा.

आता खरा प्रश्न. नापास माल जातो कुठे? तो पेंडीत गेला, तर म्हशीच्या पोटातून दुधात उतरतो. स्वस्तात विकला, तर गरिबाच्या चटणीत येतो. श्रीमंताच्या ताटातून काढलेले विष गरिबाच्या ताटात वाढणे, याला आम्ही तपासणी म्हणत नाही.

म्हणून आमचे मागणे असे : शाहू मार्केट यार्डासारख्या ठिकाणी, माल तोलला जातो तिथेच तपासणी व्हावी, निकाल फळ्यावर लागावा, नापास माल पुन्हा बाजारात येऊ नये, शेतकऱ्याला शेंगा वाळवायला ओटे आणि ताडपत्री मिळावी. दाणा वाळला तर बुरशीच धरत नाही. यंत्र विष दाखवील; ते कोणाच्या पानात पडू द्यायचे नाही, हे आपणच ठरवायचे आहे.