उंदराच्या मिशा आणि मेंदूतली पिंपं

रात्री भिंतीच्या कडेकडेनं पळणारा उंदीर डोळ्यांवर फारसा विसंबत नाही. वाट शोधतात त्याच्या मिशा. त्या तो सेकंदाला पाच ते पंधरा वेळा पुढे-मागे हलवतो आणि अंधारात आपण बोटांनी भिंत चाचपावी तशी भोवतालची जागा चाचपतो. खरखरीत काय, गुळगुळीत काय, हे मिशांनी ओळखण्यात घरातला मोठा उंदीर माणसाच्या बोटांना हार जात नाही.

मिशी म्हणजे नुसता निर्जीव केस. सारी करामत मुळाशी. तिथं रक्तानं भरलेल्या पिशवीत चेतातंतूंची टोकं दाटीनं बसलेली असतात. मिशी जराशी वाकली, की कोणती वाकली आणि कोणत्या दिशेला, ही खबर मेंदूकडे निघते.

मेंदूत ती पोचते कुठं? याचं उत्तर 1970 साली मिळालं. अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात टॉमस वूल्सी आणि हेन्ड्रिक व्हान डर लोस छोट्या उंदराच्या मेंदूचे काप तपासत होते. हे काप सहसा उभे घेतात. त्यांनी मेंदूच्या पृष्ठभागाला समांतर, आडवे घेतले. मेंदूच्या बाह्यकाच्या चौथ्या थरात त्यांना पेशींची कडी दिसली. कडेला पेशींची गर्दी, मध्ये विरळ, जणू पिंपंच. म्हणून नावही तेच पडलं. या पिंपांच्या पाच रांगा होत्या. उंदराच्या थोबाडावर मोठ्या मिशांच्याही रांगा पाचच! एकेका मिशीला एकेक पिंप, तेही बाजू बदलून: डाव्या मिशांची पिंपं उजव्या मेंदूत.

सुरी आडवी धरली नसती, तर हा नकाशा कापांत विखरून हरवला असता. पाहण्याची दिशा बदलल्यानं लागलेल्या शोधांत याचं स्थान फार वरचं आहे.

मग हा नकाशा जन्मतःच पक्का असतो का? 1973 साली याच दोघांनी दाखवलं, की नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या मिशांची मुळं नष्ट केली, तर त्यांची पिंपं तयारच होत नाहीत. प्रौढ उंदरात मात्र पिंपं मोडत नाहीत. म्हणजे मेंदूची ही मांडणी थोबाडाकडून येणाऱ्या तंतूंवर अवलंबून असते, आणि त्यासाठी जन्मानंतरचे मोजकेच दिवस असतात.

मुळाला धक्का न लावता नुसता केस कापत राहिलं, तर पिंप जागच्या जागी उभं राहतं. बदलतो तो त्यातल्या पेशींचा प्रतिसाद.