झेंडा दळीवर का लावला

(१५ ऑगस्ट १९९७ ला वाडीवर झेंडावंदन झाल्यावर केलेलं भाषण)



आज देश स्वतंत्र होऊन ५० वर्षं झाली. तालुक्याला बॅण्ड आहे, रोषणाई आहे. आपल्याकडे बांबूचा खांब आणि वरून पाऊस. तरी तुम्ही नाचणीची बेणणी टाकून आलात, हे आम्ही मोठं मानतो.

मागच्या बैठकीत आपल्यातलीच काही पोरं म्हणाली, यंदा काळा झेंडा लावू. त्यांचा राग खोटा नाही. जुलैत दळीवरची रोपं उपटली, तीन घरांचे कोयते-कुदळी उचलून नेले, आणि वर दंडाची पावती. मग आनंद कसला करायचा? अर्धी रात्र वाद चालला.

त्या पावतीवरचा कायदा आम्ही बैठकीत वाचून दाखवला. भारतीय वन अधिनियम, १९२७. सगळे गप्प झाले. १९२७ ला राज्य कोणाचं होतं? गोऱ्यांचं. जंगलाच्या ह्याच कायद्याविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० ला आपल्या जिल्ह्यात, उरणजवळ चिरनेरला लोकांनी जंगल सत्याग्रह केला. गोळीबार झाला. त्यात आपला नाग्या कातकरी मेला. शाळेत आम्ही मिठाचा सत्याग्रह पाठ केला, पण बारावीपर्यंत एकाही धड्यात नाग्या भेटला नाही. त्याचं नाव आम्हाला वाडीतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. गोरा गेला, त्याचं पावतीपुस्तक मात्र इथंच राहिलं.

मग एका आजीनं वाद मिटवला. म्हणाली, "झेंडा काय गार्डाच्या बापाचा हाय? काळा लावलास का तूच सांगतोस, ह्यो देश माझा नाय. मंग जमीन कोणाकडं मागशील?"

म्हणून तिरंगाच लावला. पण पंचायतीपुढं नाही. जिथली रोपं उपटली तिथंच, दळीवर लावला. गार्डभाऊ लांबून बघत होते. सलाम त्यांनी पण केला, करावाच लागतो!

ही दळी आपण काल बळकावलेली नाही. इंग्रजाच्या वेळेला वाडीच्या नायकाच्या नावानं दळीबुक होतं. वरी-नाचणी पिकवायची, सरकारला पैसा भरायचा. गोऱ्याच्या राज्यात आपण दळी कसणारे होतो. स्वतंत्र देशात अतिक्रमणवाले झालो. हे नाव आपल्याला कोणी दिलं, ते साहेबाला विचारायचं आहे.

आता कामाचं. केंद्र सरकारनं १९९० ला ठरवलंय की २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन नियमित करता येते. त्याला पुरावा लागतो. पुरावा म्हणजे काय, तर तीच दंडाची पावती! ज्या कागदानं आपल्याला चोर ठरवलं, तोच कागद सांगतो की त्या साली ही माणसं इथंच कसत होती. लाज वाटून बऱ्याच घरांनी पावत्या चुलीत घातल्या. आता घालू नका. पत्र्याच्या पेटीत, देवाच्या फळीवर, जिथं असतील तिथून काढा.

येत्या रविवारी ज्याच्याकडं ८० च्या आधीची पावती असेल, दळीबुकाचं फाटकं पान असेल, ते घेऊन शाळेच्या पडवीत या. वीटभट्टीवर गेलेल्यांचे कागद घरच्या बाईनं आणावेत. अस्सल कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही, आमच्याही नाही. समोर बसून नक्कल लिहू आणि कागद परत न्यायचा. प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणा, पाऊस काही उघडत नाही.