मुळीत गुण आहे, म्हणूनच ती मोजून घ्या



आपल्या विंचूर परिसरात कांदा निवडायला आणि चाळीत भरायला सुरुवात झाली की धुळीनं, सालपटानं शिंका येतात, नाक गळतं, घसा खवखवतो. मग कुणी ज्येष्ठमध उगाळतं, तर कुणी सांधेदुखीसाठी अश्वगंधाची पूड आणतं. या मुळ्यांमध्ये खरंच काही आहे का? आहे. म्हणूनच जपून घ्यायच्या.

ज्येष्ठमधाचंच बघा. त्यात ग्लिसरायझिन नावाचं गोड द्रव्य असतं. आपलं शरीर सूज आवरण्यासाठी कॉर्टिसॉल तयार करतं. मूत्रपिंडात त्याचा जोर कमी केला जातो, पण ग्लिसरायझिन तिथं आडवं येतं. मग शरीरात मीठ-पाणी साठतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. बीपी वाढतं, पायांवर सूज येते, हातपाय गळून जातात. सूज उतरवायला घेतलेली मुळीच सूज आणते! युरोपातल्या तज्ज्ञांनी ग्लिसरायझिनची रोजची मर्यादा १०० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहावा भाग, सांगितली आहे.

घसा बसला म्हणून एखादा दिवस लहानसा तुकडा चघळला, तर निरोगी बाईला सहसा त्रास होत नाही. पण आठवडेच्या आठवडे रोज काढा घेऊ नका. बीपी, हृदय किंवा किडनीचा आजार असेल, किंवा बाई गरोदर असेल, तर ज्येष्ठमध नकोच. गरोदरपणी अश्वगंधाही नको. थायरॉइड किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर तिची लाल-पिवळी फुलं ज्वाळेसारखी दिसतात. तिच्या कंदातलं कोल्चिसिन हे गाउट या सांधेदुखीवरचं खरंखुरं औषध आहे. पण एका गोळीत ते जेमतेम अर्धा मिलिग्रॅम असतं. कंदात किती आहे, हे डोळ्यांनी कळत नाही, आणि तो खाऊन माणसं दगावली आहेत. म्हणून ओळख पटल्याशिवाय कुठलीही मुळी तोंडात घालू नका.

कांद्याचं काम करताना नाका-तोंडाला फडकं घट्ट बांधा. डॉक्टरांकडे जाताना घरी काय घेता, तेही सांगा. पुडी सोबत न्या. दम्याचा पंप मुळीच्या भरवशावर बंद करू नका. छातीत घरघर होऊन बोलताना धाप लागली, तर काढा उकळत बसू नका, १०८ ला फोन करा.