पाणी कोणी आणले आणि पाण्याचा धनी कोण?

(स्वातंत्र्यदिनानिमित्त देवळाली प्रवरा येथे झालेल्या विद्यार्थी मेळाव्यात इतिहास विषयाच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



‘आधुनिक इतिहासातील संघर्ष आणि स्वातंत्र्यलढे’ हा विषय मला देण्यात आला आहे. विषय एवढा विस्तीर्ण आहे की, नुसती नावे आणि सनावळ्या वाचायच्या म्हटल्या तरी सूर्य मावळेल. म्हणून प्रारंभीच एक कबुली देतो. या विषयाचा अभ्यास मी पुस्तकापासून सुरू केला नाही. माझ्या आजोबांनी विचारलेल्या आणि मला उत्तर न देता आलेल्या एका प्रश्नापासून तो सुरू झाला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कालव्याचे आवर्तन सुटले होते. आजोबा बांधावर बसले होते आणि मी त्यांच्यापुढे परीक्षेसाठी पाठ केलेली ब्रिटिश राजवटीच्या शोषणाची कारणे मोठ्या उत्साहाने म्हणून दाखवीत होतो. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, “पोरा, हे पाणी इंग्रजानं आणलंय. त्याच्या आधी इथं कुसळं उगवत होती. मग त्याला घालवायचं तरी कशाला?” मी निरुत्तर झालो. आजोबा इंग्रजांचे भक्त नव्हेत. दरवर्षी झेंडावंदनाला धुतलेली टोपी घालून जाणारा हा माणूस आहे. परंतु प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नाला घोषणेने उत्तर देता येत नाही.

प्रथम वस्तुस्थिती मान्य करू. प्रवरेवरील भंडारदरा धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली ते पूर्ण झाले. सुमारे २७० फूट उंचीचे हे दगडी धरण आजही अकोले तालुक्यात उभे आहे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर सरकारने पाटबंधारे आयोग नेमला आणि दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात अशी कामे हाती घेण्यात आली. त्या पाण्याने राहुरी-श्रीरामपूरचा चेहरामोहरा बदलला, हे नाकारण्यात राष्ट्रभक्ती नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने शत्रूचेही खरे काम खरे म्हणून सांगितले पाहिजे.

मग लढा कशासाठी होता? याचे पहिले उत्तर मला सातासमुद्रापलीकडे सापडले. १७७३ साली ब्रिटिश संसदेने चहाविषयी एक कायदा केला. त्या कायद्यामुळे अमेरिकेतील वसाहतींना ईस्ट इंडिया कंपनीचा चहा, कर धरूनही, पूर्वीपेक्षा स्वस्त मिळणार होता. त्या काळी तेथील लोक उपाशी नव्हते. जगातील सुस्थितीतील समाजांत त्यांची गणना होत असे. तरीही १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात त्यांनी चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या. स्वस्त वस्तू कोणी पाण्यात टाकते का? त्यांनी टाकली. कारण तंटा चहाच्या किमतीचा नव्हता. ज्या संसदेत आमचा एकही प्रतिनिधी नाही, तिला आमच्यावर कर बसविण्याचा अधिकार कोणी दिला, हा तो तंटा होता. राज्यकर्ता काय देतो, यापेक्षा तो कोणाला विचारून देतो आणि कोणाला न विचारता घेतो, हा प्रश्न मोठा असतो.

आता अमेरिकेहून आपल्याच जिल्ह्यात परत येऊ. भंडारदऱ्याच्या ज्या डोंगरदऱ्यांत ते धरण उभे राहिले, तेथील महादेव कोळी समाजाने हा प्रश्न धरणाच्या कितीतरी आधी विचारला होता. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी कंपनी सरकार आणि त्याच्या छत्राखाली माजलेली सावकारी यांच्याविरुद्ध बंड उभारले. त्यांना पंढरपूर येथे पकडण्यात आले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. १८५७ च्या समराला तेव्हा नऊ वर्षे अवकाश होता. आपल्या जिल्ह्याचे नाव पाठ्यपुस्तकात येते ते बहुधा १९४२ साली नगरच्या किल्ल्यात ठेवलेल्या थोर नेत्यांमुळे. ते योग्यच आहे. परंतु त्या किल्ल्याइतकाच राघोजींचा डोंगरही आपल्याला ठाऊक असला पाहिजे.

दुसरे नाव पारनेरचे. पांडुरंग महादेव बापट हे मुळात आपल्यासारखेच विद्यार्थी. शिष्यवृत्ती मिळवून ते अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरोला गेले. तेथे हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीविरुद्ध भाषण केले आणि शिष्यवृत्ती गमावून बसले. पुढे लंडनचे इंडिया हाऊस, स्वातंत्र्यवीर सावरकरांचा सहवास, पॅरिसला जाऊन बाँबविद्येचे शिक्षण, स्वदेशी परतल्यावर अज्ञातवास असा त्यांचा प्रवास झाला. परंतु ‘सेनापती’ ही पदवी त्यांना बाँबने दिली नाही. ती दिली मुळशीच्या शेतकऱ्यांनी.

टाटांच्या वीज कंपनीसाठी मुळशी पेट्यात धरण बांधायचे ठरले. १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या बळावर सरकारने मावळ्यांची भातखाचरे आणि घरेदारे कंपनीच्या पदरात टाकण्याचे योजिले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथे सत्याग्रह सुरू झाला. पाहा, एकाच दशकात सह्याद्रीच्या एकाच रांगेत दोन धरणे उभी राहत होती. एकाने आपल्याला ऊस दिला, दुसऱ्याने मावळ्यांचे गाव बुडविले. मात्र दोन्हीकडे निर्णय घेणारा हात एकच होता आणि तो लोकांना उत्तरदायी नव्हता. आपल्या वाट्याला पाणी आले, त्यांच्या वाट्याला बुडणे आले. आपण त्यांच्या जागी असतो, तर आजोबांनी तोच प्रश्न विचारला असता का?

मुळशीचा लढा हरला. धरण बांधले गेले. सेनापती सात वर्षांचा कारावास भोगून १९३१ साली सुटले. मग तो लढा व्यर्थ गेला काय? येथे मला आयर्लंडची आठवण होते. २४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनमध्ये हजाराहून अधिक लोकांनी उठाव केला. तो आठवडाभरात चिरडला गेला, आणि पकडलेल्या बंडखोरांची त्यांच्याच शहरातील अनेकांनी हुर्यो केली. पण मेच्या पहिल्या पंधरवड्यात पंधरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या आणि देशाचे मन पालटले. रणांगणात हरलेला लढा लोकांच्या मनात जिंकू शकतो.

मित्रहो, स्वातंत्र्य एका रात्रीत सर्वांना मिळाले, असेही नाही. १५ ऑगस्ट १९४७ रोजी नेवाशात तिरंगा फडकला. गोदावरी ओलांडली की पलीकडे निजामाचे राज्य होते. तेथील जनतेला आणखी तेरा महिने, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत झुंजावे लागले. दादरा-नगरहवेली १९५४ साली मुक्त झाली. त्या मोहिमेतील स्वयंसेवकांत आपले सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते. गोव्याला १९ डिसेंबर १९६१ ची वाट पाहावी लागली. शेजाऱ्याच्या घरात अंधार असताना आपल्या दिव्याने समाधान न मानणाऱ्यांनी हे लढे लढविले.

आता आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर. पाणी तेच राहिले, पण स्वातंत्र्यानंतर काय बदलले? पूर्वी या पाण्यावर हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी साखर कारखाना चालत असे. स्वातंत्र्यानंतर अवघ्या तीन वर्षांत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्याच्या शेतात ऊस, तोच कारखान्याचा भागधारक. कालवा इंग्रजाने काढला असेल. परंतु कालव्याकाठचा कुणबी कारखान्याचा धनी झाला, तो स्वराज्यात.

येथेच थांबलो तर भाषण गोड होईल, पण पूर्ण खरे होणार नाही. याच परिसरातील शेतकऱ्यांनी पूर्वी साखर कंपन्यांना खंडाने दिलेल्या जमिनी स्वातंत्र्यानंतर कमाल जमीनधारणा कायद्याने सरकारजमा झाल्या आणि शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या आपल्याच सरकारच्या दारात उभ्या राहिल्या. जमिनी परत मिळू लागल्या, तेव्हा एकविसाव्या शतकाचे पहिले दशक उलटून गेले होते. आणि ज्या १८९४ च्या कायद्याने मुळशी बुडविली, तो कायदा स्वतंत्र भारताने कधी रद्द केला? १ जानेवारी २०१४ रोजी नवा कायदा लागू झाला तेव्हा. सहासष्ट वर्षे परक्याचे हत्यार आपण आपल्याच शेतकऱ्यावर चालवीत राहिलो. मुळा धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावे तर आपल्याच तालुक्याच्या परिसरातील आहेत. त्या विस्थापितांच्या घरी जाऊन आपल्यापैकी किती जणांनी त्यांची विचारपूस केली आहे?

म्हणून मला वाटते की, स्वातंत्र्यलढ्याचा अभ्यास म्हणजे केवळ हुतात्म्यांना हार घालणे नव्हे. सत्ता कोणाचीही असो, ‘कोणाला विचारून?’ हा राघोजींचा आणि सेनापतींचा प्रश्न जिवंत ठेवणे, हा तो अभ्यास आहे. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला ज्या अहिल्यादेवींचे नाव मिळाले आहे, त्यांची थोरवी रयतेचे गाऱ्हाणे स्वतः ऐकून घेण्यात होती. विद्यार्थी म्हणून आपण एक छोटे काम करू शकतो. या सुट्टीत प्रत्येकाने गावातील एका वृद्ध माणसाजवळ बसावे, कालव्याची, दुष्काळाची, खंडाच्या जमिनीची, बुडालेल्या गावाची हकिगत ऐकावी आणि वहीत लिहून ठेवावी. ती माणसे आता फार दिवस आपल्यात राहणार नाहीत.

परवा मी आजोबांना म्हणालो, “आजोबा, पाणी त्यांनी आणलं हे खरं, पण पाळी कोणाची, हे ठरवायचा हक्क आपण लढून घेतला.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हक्क घेतलाय ना? मग पाटाच्या शेवटच्या टोकाच्या माणसाला पाणी पोचतंय का, तेवढं बघत जा.”

मित्रहो, माझ्या सगळ्या अभ्यासाचा निष्कर्ष आजोबांनी एका वाक्यात सांगितला. त्यात मी भर घालू शकत नाही. येथेच थांबतो. वंदे मातरम्!