पोरगं पुस्तकाला हात लावत नाही

"पोरगं पुस्तकाला हातच लावत नाही," हे घरोघरी ऐकतो. साताऱ्याला असताना बाबासाहेबांचंही तेच! शाळा सोडून मुंबईच्या गिरणीत जायचं ठरवलं, भाड्यासाठी आत्याची पैशांची पिशवी लांबवली. निघाला अर्धा आणा! त्या शरमेनं ते अभ्यासाला लागले. आपल्या पोरांना पळून जायला आता जुनी गिरणीसुद्धा नाही.

पुढं परळच्या चाळीत अभ्यासाला जागा नव्हती. रामजीबाबा त्यांना लवकर झोपवायचे, स्वतः जागायचे आणि रात्री दोनला उठवायचे. १९०७ साली बाबासाहेब मॅट्रिक झाले. आपण काय करतो? टीव्ही मोठ्यानं लावून "अभ्यास कर" म्हणतो. आज तो बंद करा, पोराशेजारी बसा. वाचता येत नसलं तरी बसा.