ऑर्किडलाही वाफसा हवा

(कोकणातील महिला शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कृषिविद्या शिकवतो. भात, नागली, वाल, कुळीथ ही माझी पिके. फुलझाडे हा काही माझा विषय नव्हे. तरीही घरच्या ऑर्किडविषयी बोलायला मी आज उभा आहे, कारण ऑर्किड मारण्याचा अनुभव माझ्या गाठीशी पुरेसा आहे. मागच्या मेळाव्यात प्रश्नोत्तरांच्या वेळी एका भगिनीने विचारले होते, "सर, मुलाने पुण्याहून ऑर्किडची कुंडी आणली. रोज पाणी घातले, शेणखत घातले, तरी कुजून गेले. आमच्या हाताला गुण नाही काय?" त्या वेळी मी घाईत काहीतरी उत्तर दिले. घरी गेल्यावर ते माझे मलाच पटेना. म्हणून आज सविस्तर सांगतो.

आधी माझी गोष्ट. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले, तेव्हा आमच्या घरामागचा जुना फणस मुळासकट आडवा झाला. त्याच्या वरच्या फांदीवर सीतेच्या वेणीचा मोठा झुबका होता. पांढऱ्यावर जांभळट ठिपके असलेल्या फुलांचे लोंबते घोस आम्ही लहानपणापासून खालून पाहत आलो होतो. माझी आई दरवर्षी त्यांची वाट पाहत असे. झाड पडल्यावर तिने तो झुबका हलक्या हाताने सोडवून पडवीत आणून ठेवला. मी कृषी पदव्युत्तर! मी म्हटले, आता हे माझ्यावर सोपव. नवी कुंडी आणली, दोन भाग तांबडी माती व एक भाग कुजलेले शेणखत घातले, रोप नीट दाबून बसवले आणि पाणी दिले. वर पाऊस होताच. श्रावण लागेपर्यंत खालची पाने काळी पडली. ओढून पाहिले तर सबंध रोप हातात आले. मुळे भिजलेल्या सुंभासारखी लिबलिबीत झाली होती. आई काही बोलली नाही. तिने मला न विचारता त्यातलाच एक लहानसा फुटवा मागील दारच्या हापूसच्या खोडाला सुंभाने बांधून ठेवला होता, तो मात्र तग धरून होता. त्याला चौथ्या वर्षी घोस आला.

माझे चुकले कुठे? जे मी वर्गात दरवर्षी शिकवतो, तेच मी कुंडीत विसरलो. तुम्ही सगळे वाफसा जाणता. पाऊस पडून गेल्यावर जमिनीत ओल असते आणि मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवाही असते, तेव्हा आपण म्हणतो, वाफसा आला, आता पेरा. भात सोडले तर आपल्या बहुतेक पिकांना वाफसा लागतोच. (आपण भातवाले, त्यामुळे साचलेले पाणी पाहून आपल्याला बरे वाटते, आणि कुंडीच्या बाबतीत तीच सवय नडते.) ऑर्किडच्या मुळाला तर बारा महिने वाफसा हवा.

तुम्ही बाजारातून आणता ती बहुतेक ऑर्किडे मूळची झाडावर राहणारी. फांदीवर पाऊस पडतो, मूळ भिजते, थोड्या वेळात वाऱ्याने सुकते. या मुळावर पांढरट, स्पंजासारखे आवरण असते. ते निर्जीव पेशींचे असते. पाऊस येताच ते पाणी शोषून घेते आणि आतल्या जिवंत मुळाला पुरवते. कोरडे असताना मूळ चंदेरी पांढरे दिसते, भिजले की आतला हिरवा रंग दिसू लागतो. पाणी कधी द्यायचे हे यावरूनच ओळखता येते. मूळ हिरवे असेल तर पाणी नको, पांढरे झाले की द्यावे. यासारखी सोपी खूण मला भाताच्या शेतातसुद्धा मिळत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आंब्यावरची बांडगुळे काढा, असे आम्हीच तुम्हाला वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत, आणि ते बरोबरच आहे. पण कोयता घेऊन चढलेला माणूस बांडगुळाबरोबर ऑर्किडही खरवडून टाकतो. बांडगूळ फांदीच्या आत मूळ घुसवते व झाडाचे पाणी-अन्न घेते. ते जेथे चिकटते तेथे फांदीला गाठ येते. आमरी, म्हणजे आपले ऑर्किड, सालीवर केवळ बसलेली असते. तिची मुळे सालीवरून पसरतात, आत शिरत नाहीत. आंब्याचे ती काही खात नाही. तेव्हा कोयता चालवण्यापूर्वी गाठ आहे की नाही हे जरूर पाहावे.

आता घरच्या कुंडीकडे वळू. नवशिक्याने डेंड्रोबियम घ्यावे. जांभळ्या-पांढऱ्या फुलांची 'सोनिया' ही जात रोपवाटिकांत मिळते, आणि कोकणचे दमट, उबदार हवामान तिला मानवते. कुंडी लहान घ्यावी, रोपाला जेमतेम पुरेल एवढीच. मोठ्या कुंडीत मधला भाग वाळत नाही. तळाला आणि शक्य तर बाजूलाही भोके असावीत. माती अजिबात घालू नये, शेणखतही नको. लाकडी कोळशाचे व विटांचे सुपारीएवढे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे एकत्र करून भरावेत. सोडणात क्षार असतात, म्हणून ते आधी तीन-चार दिवस पाण्यात भिजवावे व रोज पाणी बदलावे. जेथे पाऊस फार, तेथे सोडण कमी आणि कोळसा-वीट जास्त. रोप हलू नये म्हणून काठीला बांधून घ्यावे. हलत्या रोपाची कोवळी मुळे मोडतात. फुगीर कांड्यांचा बुंधा मात्र पुरू नये.

पाणी सकाळी द्यावे, भरपूर द्यावे आणि सगळे निथळून जाऊ द्यावे. दिवसातून चार वेळा चूळभर पाणी शिंपडण्याची सवय चांगली नाही. उन्हाळ्यात बहुधा रोज, हिवाळ्यात दोन-तीन दिवसांआड पाणी लागते; पण हे आकडे पाठ करण्यापेक्षा मूळ पाहावे आणि कुंडी उचलून वजन अजमावावे. संध्याकाळपर्यंत पानांच्या बेचक्यातले पाणी सुकलेले असावे. बोअरचे पाणी जड असेल तर मुळांवर व कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. अशा ठिकाणी पावसाचे पाणी साठवून वापरावे.

प्रकाशाबाबत लोक दोन टोकांना जातात. कुणी दिवाणखान्यात टीव्हीवर ठेवतो, कुणी अंगणात भर उन्हात. डेंड्रोबियमला सकाळचे नऊ-दहापर्यंतचे कोवळे ऊन आणि पुढे निम्मी सावली लागते. पूर्वेची पडवी किंवा ५० टक्के सावलीची जाळी उत्तम. पान गडद हिरवेगार असेल तर खूश होऊ नका, उजेड कमी पडतो आहे आणि फूल येणार नाही. पानाचा रंग भाताच्या तरव्यासारखा पोपटी असावा. पिवळे पडून डाग आले तर ऊन जास्त झाले.

खताचा मोह आवरावा, हे मी कृषिविद्येचा माणूस असूनही सांगतो. ठिबकसाठी मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक लिटर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम, नवी वाढ चालू असताना आठवड्यातून एकदा, एवढे पुरते. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी म्हणजे क्षार साचत नाहीत. पाने झडलेल्या जुन्या कांड्या वाळलेल्या समजून कापू नका. त्या हिरव्या व टणक आहेत तोवर त्यांत पाणी आणि अन्न साठवलेले असते, नवा फुटवा त्यावर पोसतो. अशा कांडीवर कधी कधी फूलही येते.

खरा धोका पावसाळ्याचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रोप उघड्यावर राहिले तर पानांच्या बेचक्यात पाणी साचते, काळी कूज शिरते आणि चार दिवसांत शेंडा हातात येतो. सुपारीच्या कोळे रोगाला कारण होणारी फायटोफ्थोरा तुम्हाला परिचित आहे, ही काळी कूज करणारी त्याच गटातली. सुपारीचे घोस आपण झाकतो. तसेच आगोटीची कामे करताना ऑर्किडच्या कुंड्याही छपराखाली घ्याव्यात. मात्र पागोळीखाली नकोत आणि कोंदट कोपऱ्यातही नकोत, वारा खेळला पाहिजे. काळा भाग दिसताच निरोगी भागापर्यंत कापून टाकावा. सुरीचे पाते एका रोपावरून दुसऱ्याकडे जाताना ज्योतीवर तापवून घ्यावे, कारण ऑर्किडचे विषाणुरोग पात्यावाटे पसरतात. खवले कीड, पिठ्या ढेकूण थोडे असतील तर साबणाच्या पाण्यात कापूस भिजवून पुसले की भागते. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचाव्यात.

शहरातून भेट म्हणून येते ते बहुधा फॅलेनॉप्सिस, रुंद पानांचे आणि फुलपाखरासारख्या फुलांचे. मेळाव्यातल्या त्या भगिनीचे तेच असावे. त्याला फुगीर कांड्या नसतात, त्यामुळे पाण्याचा साठा कमी. पण म्हणून पाण्यात बुडवून ठेवायचे नसते. ते बहुधा दाबून भरलेल्या शेवाळात येते, आणि बाहेरच्या शोभेच्या कुंडीला भोकच नसते. वरून शेवाळ कोरडे दिसते, आत चिखल असतो. फुले संपली की शोभेची कुंडी काढून टाकावी, शेवाळ सोडवावे, कुजकी मुळे कापावीत आणि कोळसा-सोडणाच्या मिश्रणात लावावे. याला डेंड्रोबियमपेक्षा जास्त सावली लागते. रात्री थंड होऊ लागल्या की नवा दांडा निघतो. बारमाही उकाड्याच्या खोलीत तो निघत नाही, मग पाने कितीही छान असोत.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो. घाटरस्त्याच्या कडेला रानातून उपटलेली ऑर्किडे विकायला बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका. ऑर्किडच्या एका बोंडात लाखो बिया असतात, पण बी धुळीसारखे बारीक आणि त्यात साठवलेले अन्न जवळजवळ नाही. भाताच्या दाण्यात रोपाची शिदोरी असते, तशी येथे नसते. रानात विशिष्ट बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजते, आणि फुलावर यायला वर्षे जातात. १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर व क्षार घातलेल्या अगारवर, बुरशीशिवाय, ऑर्किडचे बी रुजवून दाखवले. तेव्हापासून बाटलीत रोपे तयार करता येतात. रोपवाटिकेतले रोप असे प्रयोगशाळेतून आलेले असते, त्यामुळे रानाला हात लावायचे कारण उरत नाही. शिवाय राखीव जंगलातून परवानगीवाचून वनस्पती काढणे हा गुन्हा आहे.

तुमच्याच जमिनीतले झाड पडले किंवा रीतसर तोडले, तर मात्र त्यावरची आमरी वाचवा. सालीचा तुकडा तसाच राहू द्या, आणि मृगाच्या सुरुवातीला ती आंबा किंवा फणसाच्या खडबडीत खोडावर, पूर्वी होती तेवढ्याच सावलीच्या बाजूला, सुंभाने घट्ट बांधा. पेरूसारख्या साल टाकणाऱ्या झाडावर नको. खाली माती नको, शेणाचा लेप नको. पावसाळाभर मुळे साल धरतील. सुंभ सोडण्याची घाई करू नका, ते आपोआप कुजते. आसामात याच सीतेच्या वेणीला कपौ फूल म्हणतात आणि बिहूच्या नाचात मुली ते केसांत माळतात. आपल्याकडे नाव वेणीचे, पण माळताना मी कुणाला पाहिले नाही.

आता प्रश्न विचारा. ज्यांनी घरून कुंड्या आणल्या आहेत त्यांनी पुढे याव्यात. एकच अट आहे, मुळे पाहायची तर रोप कुंडीतून बाहेर काढावे लागेल, आणि त्या वेळी मला कुणी रागावायचे नाही.